८ फुटी पिकअपला १० फुटी हौदा बसवायचा तर चेसिसचं काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा. अंबड तालुक्यातला एक पिकअपवाला आहे. गाडी बीएस-६, हौदा ८ फुटी. हंगामात मोसंबी जालन्याला आणि छत्रपती संभाजीनगरला नेतो, एरवी कडबा, पाइप, मिळेल ते भाडं. हौदा १० फुटी करायचा आहे. गावातला वेल्डर म्हणतो, मागे दोन फूट चॅनल जोडून देतो, परवा गाडी घेऊन जा. शहरातला बॉडीवाला म्हणतो, असं चालत नाही, कॅबिनच्या मागे चेसिस (गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा) कापून मधे तुकडा टाकावा लागेल. कुणाचं ऐकावं?

भाऊ, बोलणं शहरातल्या बॉडीवाल्याचं बरोबर आहे. पण गाडी त्याच्याकडेही सोडू नका. का, ते जरा सविस्तर लिहितो. माझं सगळं आयुष्य चेसिस आणि बॉडीच्या कामात गेलंय आणि दर हंगामाच्या तोंडावर हाच प्रश्न घेऊन कुणी ना कुणी येतंच.

हौदा किती फुटी, हे नंतर बघू. आधी बघायचं ते भरलेल्या मालाचा मध्य मागच्या एक्सलच्या पुढे पडतो की मागे. कंपनीने तुमचा ८ फुटी हौदा असा बसवलेला असतो की त्याचा मध्य एक्सलच्या थोडा पुढे, कॅबिनच्या बाजूला राहील. हिशोबाला सोपं जावं म्हणून समजा, व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या एक्सलमधलं अंतर, ३००० मिमी आहे आणि हौद्याचा मध्य एक्सलच्या १५० मिमी पुढे आहे. १३०० किलो माल सारखा पसरून भरला, तर त्यातले ६५ किलो पुढच्या चाकांवर जातात, १२३५ मागच्या.

आता हौदा मागून दोन फुटांनी वाढवला. तोच माल, तेवढाच, १० फुटांत पसरला. मध्य साधारण ३०५ मिमी मागे सरकला, म्हणजे एक्सलच्या १५५ मिमी मागे गेला. आता हा माल पुढच्या चाकांवर काही ठेवत नाहीच, उलट ६७ किलो उचलून घेतो. मागच्या एक्सलवर १३६७ किलो. एक किलो जास्त भरला नाही तरी मागचा एक्सल १३२ किलोंनी जड झाला आणि पुढचा तेवढाच हलका. पुढची चाकं हलकी झाली की स्टिअरिंग हातात तरंगतं, ओल्या रस्त्यावर वळताना गाडी सरळ जायला बघते आणि ब्रेक मारल्यावर पुढचं चाक लवकर लॉक होतं. रिकाम्या गाडीत यातलं काहीच कळत नाही. म्हणून वेल्डर चक्कर मारून दाखवतो, तुम्ही खूश होऊन पैसे देता.

आणि एक गंमत बघा. मोटार वाहन नियमांत मागचा ओव्हरहँग, म्हणजे मागच्या एक्सलच्या मागे शेपटाकडे लोंबणारा भाग, व्हीलबेसच्या ६० टक्क्यांपर्यंत चालतो. ३००० च्या व्हीलबेसला १८०० मिमी. आपल्या उदाहरणात मूळ ओव्हरहँग १०७० होता, वाढवून १६८० झाला. म्हणजे मर्यादेत बसला! वेल्डर हाच आकडा तोंडावर फेकतो. पण ही मर्यादा आहे, परवानगी नाही. लांबी मर्यादेत बसली म्हणून वजन योग्य जागी पडलं असं होत नाही.

खरं दुखणं तर चेसिसच्या शेपटातच आहे. पाट्यांचा मागचा शॅकल (पाट्यांचं टोक चेसिसला टांगणारी कडी) जिथे लटकतो, तिथपर्यंत चेसिसला खालून आधार असतो. त्याच्या मागचा भाग अधांतरी. शॅकल एक्सलच्या ६०० मिमी मागे धरला, तर मूळ गाडीत जेमतेम ४७० मिमी शेपूट अधांतरी होतं. आता १०८० झालं. शॅकलपाशी चेसिसला वाकवणारा जोर लांबीच्या वर्गाने वाढतो. मालाचं वजन तेच ठेवून हिशोब केला तरी तो साधारण ६० किलो-मीटरवरून (किलो गुणिले मीटर) २५० वर जातो, म्हणजे चौपट. आणि हे उभ्या गाडीचं. खड्ड्यात आदळली की त्याच्या कितीतरी पट. कंपनीला माहीत होतं की शेपटावर फार भार येणार नाही, म्हणून बऱ्याच गाड्यांत तिथे चॅनलची उंची कमी केलेली असते. वेल्डर नेमका त्या बारीक झालेल्या टोकाला बाजारातला चॅनल जोडतो.

असल्या गाड्या माझ्याकडे येतात तेव्हा तक्रार वेगळीच असते. फाळका लागत नाही, मागून कुरकुर आवाज येतो, बॉडी एका बाजूला झुकल्यासारखी दिसते. गाडी स्टँडवर घेतली, शॅकलच्या मागची माती ब्रशने काढली की खालच्या-वरच्या फ्लँजवर (चॅनलच्या आडव्या कडांवर) केसाएवढी तपकिरी रेघ दिसते. तडा उघडमीट होत राहिला की आतला गंज बारीक पूड होऊन बाहेर येतो, धुळीवर त्याचा ओघळ उठतो. हा तडा बहुतेक वेळा वरच्या फ्लँजला बॉडीच्या बोल्टसाठी पाडलेल्या भोकापासून सुरू झालेला असतो. शेपटाकडे वरच्या फ्लँजला ताण पडतो. तिथेच कुणीतरी ड्रिल चालवलेलं असतं. चेसिसच्या फ्लँजला भोक पाडायचं नाही, हे या धंद्यातलं पहिलं शिक्षण. भोक लागलंच तर उभ्या बाजूला, वेबला, आणि तेही मधल्या उंचीवर.

आता बॉडीवाल्याची पद्धत. तो चेसिस कॅबिन आणि मागच्या पाट्यांचा पुढचा हँगर (पाटे धरणारा ब्रॅकेट) यांच्या मधे कापतो, एक्सल मागे सरकवतो. त्याच उदाहरणात व्हीलबेस ३६१० झाला. हौदा दोन फूट लांब झाला, पण एक्सलही दोन फूट मागे गेला. म्हणजे मालाचा मध्य आता एक्सलच्या ४५५ मिमी पुढे. पुढच्या चाकांवर १६४ किलो, मागे ११३६. शेपटाची लांबी होती तेवढीच राहिली. वजनाच्या दृष्टीने हेच योग्य. मात्र पुढच्या एक्सलवर जवळपास १०० किलो वाढतात, तेव्हा तो आणि पुढचे टायर ते झेलतात का, हे आधी बघावं लागतं.

फुकट मात्र काहीच मिळत नाही. दोन आधारांमधलं अंतर २० टक्के वाढलं की चेसिस मधे तेवढ्याच मालाला पावणेदोन पट लवते, कारण लवणं लांबीच्या घनाने वाढतं. वळण मोठं होतं. मोंढ्यात ज्या बोळात एका झटक्यात गाडी फिरत होती तिथे मागे-पुढे करावं लागेल. शेताच्या वाटेवर दगडी नाला ओलांडताना पोट टेकेल, ते वेगळंच.

मग त्याच्याकडेही गाडी का सोडू नका? कायद्यामुळे. तुमच्या आरसीवर व्हीलबेस छापलेला आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने मूळ ठरवलेल्या आणि आरसीवर असलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच अगदी स्पष्ट शब्दांत सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ प्रमाणे मालकाने केलेल्या बेकायदा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही. दंडाचं सोडा हो, ५००० रुपये एका भाड्यात निघतील. पासिंगला गाडी अडली की हंगाम जातो. आणि अपघात झाला, कुणाचा जीव गेला, तर विमा कंपनीचा सर्व्हेअर टेप घेऊनच येतो. त्या वेळी "सगळेच करतात" हे उत्तर ट्रिब्युनलमध्ये चालत नाही. एजंट म्हणेल, मी पासिंग करून देतो. तो पासिंग करून देईल, व्हीलबेस दुरुस्त करून देणार नाही.

बॉडीची गोष्ट थोडी निराळी. कंपनी काही गाड्या नुसत्या कॅबिन-चेसिस म्हणून विकते, त्यावर बॉडी बांधून मग नोंदणी होते. लांब हौदा हवा असेल तर लांब व्हीलबेसची गाडी मुळातच घ्यायची, हा सरळ रस्ता तिथून जातो. १० फुटी हौद्याच्या पिकअप आता बाजारात तयार मिळतात.

तरीही चेसिस जोडण्याचं काम नीट कसं होतं ते सांगतो, कारण ते तुम्हाला दोन ठिकाणी उपयोगी पडेल. एक, अपघातात वाकलेली किंवा तडा गेलेली चेसिस मूळ मापावर आणताना हीच जोडणी लागते आणि ती कायदेशीर दुरुस्ती आहे. दोन, सेकंडहँड बाजारात मधून वाढवलेल्या गाड्या फिरत असतात. चांगलं काम कसं दिसतं ते माहीत नसेल तर वाईट काम ओळखता येत नाही.

कापायच्या आधी सगळ्यात जास्त वेळ मापात जातो, जायलाच पाहिजे. गाडी सपाट फरशीवर, चेसिसखाली चारही ठिकाणी स्टँड. जॅकवर काम करायचं नाही. ओळंबा सोडून फरशीवर खुणा करायच्या, दोन्ही कर्ण मोजायचे, पुढच्या सस्पेन्शनच्या ठरावीक बिंदूपासून मागच्या एक्सलपर्यंत डावं-उजवं अंतर लिहून ठेवायचं. हे आकडे खडूने भिंतीवर लिहा, मोबाईलमध्ये नको, कारण हात काळे असतात आणि दर अर्ध्या तासाला बघावे लागतात. काम झाल्यावर डाव्या-उजव्यात एका सुतापेक्षा, म्हणजे ३ मिमीपेक्षा जास्त फरक चालत नाही. जास्त राहिला की गाडी रस्त्यावर तिरपी चालते, मागची चाकं पुढच्यांच्या माग सोडून बाजूने धावतात आणि टायर हजार-दोन हजार किलोमीटरमध्येच खाल्ले जातात.

कट सरळ भागात घ्यायचा. क्रॉस मेंबर (चेसिसच्या दोन बाजू जोडणारा आडवा तुकडा), पाट्याचा हँगर, टाकीचा ब्रॅकेट, चेसिस जिथे एक्सलवरून जाण्यासाठी वर वळते ते वळण, या सगळ्यांपासून लांब. चेसिस नंबर ठोकलेल्या जागेला तर हातही लावू नका; त्या नंबरशी छेडछाड दिसली तर प्रकरण पोलिसांपर्यंत जातं. आणि कट उभा सरळ नको. तिरका घ्या किंवा झेडसारखा पायरीचा घ्या, म्हणजे वरच्या आणि खालच्या फ्लँजचे जोड एका रेषेत येत नाहीत. डाव्या आणि उजव्या बाजूचे कटही समोरासमोर ठेवू नयेत. सरळ उभा कट म्हणजे चेसिस कुठे मोडायची ते आपणच आखून देणं. गॅस कटरने कापू नका, ग्राइंडर वापरा. गॅसने कडेचा बराच पत्रा तापून बिघडतो.

मधे टाकायचा तुकडा हा सगळ्यात मोठा घोळ. जालना लोखंडाचं गाव, सळयांच्या गिरण्या उशाला आहेत, दुकानात चॅनल लगेच मिळतो. पण बाजारातला आयएसएमसी (बांधकामाचा तयार) चॅनल शेड आणि गेटसाठी आहे. त्याच्या फ्लँज आतून उताराच्या असतात, कडेला पातळ आणि मुळाशी जाड, त्यामुळे पत्रा दाबून केलेल्या चेसिसच्या चॅनलला तो सपाट बसतच नाही. शिवाय त्याचं लोखंड साधारण २५० मेगापास्कल ताणाला कायमचं वाकायला लागतं. चेसिसचा पत्रा त्याहून बराच ताकदीचा असतो, म्हणून तर कंपनीला तो पातळ ठेवता येतो. तुकडा तशाच ताकदीच्या, तेवढ्याच जाडीच्या पत्र्यातून वाळूजच्या किंवा शेंद्र्याच्या एमआयडीसीत प्रेस ब्रेकवर (पत्रा वाकवायच्या मशीनवर) दाबून घ्यायचा, आतल्या वळणाच्या त्रिज्येसकट. जाडी व्हर्नियरने मोजायची, रंग आणि गंज खरवडून. "जाड टाकू, मजबूत होईल" हा गैरसमज आहे. जाड तुकडा स्वतः लवत नाही, सगळं लवणं शेजारच्या पातळ भागावर ढकलतो आणि जोड तिथे फाटतो. पिकअपची चेसिस मुळात पिळण्यासाठीच बनवलेली आहे. एक चाक बांधावर आणि एक चरीत असताना ती पिळते म्हणून चारही चाकं जमिनीला राहतात.

वेल्डिंगच्या आधी बॅटरीचा निगेटिव्ह काढायचा, ईसीयूचे (गाडीच्या कॉम्प्युटरचे) सॉकेट काढायचे, अर्थिंगचा चिमटा जोडाच्या अगदी जवळ लावायचा. करंट पाट्यांतून किंवा बेअरिंगमधून फिरून जाता कामा नये. बीएस-६ गाडीत हे विसरलं तर ईसीयू जाऊ शकतो आणि त्या एका डब्याच्या किमतीत सगळं काम परत होईल.

कडा उतरत्या घासून व्ही करायची, मधे दोनेक मिमी फट, म्हणजे वेल्ड आरपार जातं. सीओटू (गॅस आणि वायरचं) वेल्डिंग चांगल्या हाताचं असेल तर उत्तम. रॉडने करायचं तर ७०१८ नंबरचा, गेट-ग्रीलला वापरतात तो ६०१३ नव्हे. आणि ७०१८ कोरडा हवा. पावसाळ्यात उघड्या पुड्यातला रॉड ओल धरतो, ती ओल वेल्डमध्ये हायड्रोजन सोडते आणि तडा आतून जातो, काही दिवसांनी, गाडी घरी गेल्यावर. असा रॉड ओव्हनमध्ये तीन-साडेतीनशे अंशाला भाजून घ्यावा लागतो. उन्हात ठेवून भागत नाही. दोन्ही बाजूंचे जोड आळीपाळीने, थोडे थोडे भरायचे, नाहीतर चेसिस एका अंगाला ओढली जाते. आणि वेल्ड झाल्यावर बादलीभर पाणी ओतायची जी सवय आहे, ती इथे आवरा. हवेवर थंड होऊ द्या. शेवटी फ्लँजवरचा वेल्ड सपाट घासायचा, पण ग्राइंडरचे ओरखडे चेसिसच्या लांबीच्या दिशेने पडले पाहिजेत. आडवा ओरखडा म्हणजे तड्याची सुरुवात.

त्यानंतर आतून जोडपट्टी. "डबल चॅनल मारून देतो" असं प्रत्येक गॅरेजवाला म्हणतो. मारायला हरकत नाही, पण ती संपते कशी ते बघा. टोकं काटकोनात कापलेली असतील आणि टोकाला आडवा वेल्ड असेल, तर तडा जोडाला न जाता बरोबर त्या पट्टीच्या टोकाला जाणार. टोकं तिरपी, निमुळती हवीत, जोडाच्या दोन्ही बाजूंना चेसिसच्या उंचीच्या निदान दुप्पट पुढे गेलेली, आणि वेल्ड फक्त लांबीच्या दिशेने किंवा वेबवर बोल्ट. फ्लँजच्या कडेला आडवा टाका कधीच नको. बोल्ट ८.८ किंवा १०.९ ग्रेडचा, भोक रीमरने बरोबर मापाचं. ढिल्या भोकात घट्ट आवळलेला बोल्टही कालांतराने खेळू लागतो.

प्रॉपेलर शाफ्टला (गिअरबॉक्समधून मागचा एक्सल फिरवणाऱ्या दांड्याला) लोक दुय्यम समजतात. एक्सल दोन फूट मागे गेला म्हणजे शाफ्टही दोन फूट लांब हवा. पाइप कापून मधे तुकडा जोडला की झालं, असं नसतं. शाफ्ट जितका लांब, तितक्या कमी वेगाला तो मधून दोरीउडीसारखा फिरायला लागतो, आणि हा धोक्याचा वेग लांबीच्या वर्गाने कमी होतो. एकाच तुकड्याचा शाफ्ट दीडपट लांब केला तर तो निम्म्याहूनही खाली येतो. म्हणून लांब गाडीला दोन तुकड्यांचा शाफ्ट आणि मधे सेंटर बेअरिंग असतं. त्या बेअरिंगला नवा क्रॉस मेंबर लागतो. दोन्ही टोकांचे योक (क्रॉस धरणारे दोन फाट्यांचे तुकडे) एका रेषेत, क्रॉसचे कोन दोन्हीकडे सारखे, आणि शेवटी मशीनवर बॅलन्सिंग. बॅलन्सिंग न करता दिलेला शाफ्ट ६०-७० च्या वेगाला फरशी थरथरवतो, आणि मग बिचारा मालक गिअरबॉक्सचं माउंटिंग बदलत बसतो.

ब्रेकचा पाइप: मधे तुकडा जोडायचा नाही, पूर्ण नवा स्टीलचा पाइप, कंपनीसारखं दुहेरी फ्लेअर केलेलं टोक. तांब्याचा पाइप आणि दाबून बसवायचे जोड ब्रेकला चालत नाहीत. मागे माल किती त्यावर ब्रेकचा जोर ठरवणारा व्हॉल्व्ह, एलएसपीव्ही, बहुतेक पिकअपना असतो. त्याची काडी चेसिस आणि एक्सल यांच्यातलं अंतर मोजते. ती वाकली किंवा तिची सेटिंग हलली तर रिकाम्या गाडीची मागची चाकं लॉक होतील किंवा भरलेल्या गाडीला मागून ब्रेकच लागणार नाही. हँडब्रेकची केबल, डिझेलच्या नळ्या, एबीएस असेल तर मागच्या चाकांच्या वायरी, धुराडं, सगळं लांब करावं लागतं. वायरी पिळून टेप गुंडाळलेल्या दिसल्या तर बाकीचं कामही तसंच असणार, हे समजून घ्या.

बॉडी चेसिसवर बसवताना मधे लाकडी पट्टी किंवा जाड रबर टाकायचं आणि यू-बोल्टने आवळायची. यू-बोल्ट जिथे येतो तिथे उघड्या चॅनलच्या पोटात लोखंडी ठोकळा उभा करायचा, नाहीतर आवळताना फ्लँज आत दबते. हौद्याखालच्या लांब चॅनलचं पुढचं टोक, कॅबिनच्या मागचं, खालून तिरपं छाटलेलं हवं. सरळ टोक असेल तर ते प्रत्येक धक्क्याला चेसिसवर छिन्नीसारखं बसतं.

सेकंडहँड लांब गाडी बघायला गेलात तर खिशात टेप आणि टॉर्च ठेवा. पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत दोन्ही बाजूंनी मोजा आणि आरसीवरच्या आकड्याशी ताडा. जुळलं नाही तर तिथेच विषय संपवा, किंमत कमी करून मागायची नाही. जुळलं तरी खाली वाकून बघा. चेसिसवर एकाच दोन-तीन फुटांच्या पट्ट्यात नवा काळा रंग असेल तर बोट फिरवा, आतल्या बाजूनेही. घासलेला वेल्ड डोळ्याला दिसत नाही पण बोटाला कळतो. कंपनीच्या रिव्हेटच्या जागी मधेच बोल्ट आले असतील, तर ते का आले ते विचारा. शॅकलच्या मागचं शेपूट बघा. ब्रेकच्या पाइपवर मधे कुठे नट आहे का ते बघा.

आता तुमच्या मोसंबीकडे येऊ, कारण मला वाटतं तुमचा मूळ प्रश्न लांबीचा नाहीच. प्लॅस्टिकचा क्रेट साधारण ५४० बाय ३६० मिमीचा असतो. ८ फुटी हौद्यात एका थराला सोळा क्रेट आरामात बसतात. भरलेला क्रेट २०-२२ किलोंचा धरला तर चार थरांत ६४ क्रेट, म्हणजे १३०० ते १४०० किलो. तुमच्या आरसीवर पेलोड (माल भरायची मर्यादा) १३०० च्या आसपास असेल तर चौथा थर भरेपर्यंत वजनाची हद्द आलेली असते, हौद्यात जागा असो वा नसो. १० फूट केलेत तर तुम्ही पाचवी रांग भरणारच, कोण रिकामी ठेवतो? मग ओव्हरलोड. कायद्यात ओव्हरलोडला २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० आहेत, आणि एक्सलचं, बेअरिंगचं, क्लचचं बिल वेगळं. जादा पाटा टाकल्याने गाडी बसत नाही एवढंच; एक्सलची, ब्रेकची, टायरची ताकद आहे तेवढीच राहते.

लांबीचा खरा उपयोग कडब्याला आणि पाइपला. कडबा हलका, जागा खाणारा. पाइप तर सहा मीटरचा येतो, तो १० फुटी हौद्यातही मावत नाहीच. मागे लोंबता माल नेलात तर त्यालाही कायद्यात २०,००० चा दंड आहे. तेव्हा वर्षभराची भाडी एका वहीत मांडा. किती मोसंबीची, किती कडब्याची, आणि कडब्याला दोन फूट जादा असते तर भाडं खरंच किती वाढलं असतं. मोसंबीच जास्त निघाली तर आहे ती ८ फुटी गाडी ठेवा, वजन कॅबिनकडच्या बाजूला भरा, मागची रांग तीनच थरांची ठेवा. कडबा आणि हलका माल जास्त निघाला तर चेसिस कापायला आणि हौदा बांधायला जे पैसे काढणार होतात, ते ही गाडी विकून १० फुटी घेताना डाउन पेमेंटला घाला. शोरूममध्ये मात्र नुसता हौदा मोजू नका. त्या मॉडेलचा व्हीलबेस आणि पेलोड दोन्ही लिहून घ्या. ८ फुटी आणि १० फुटी गाडीचा व्हीलबेस किती वेगळा आहे ते बघितलं की कंपनीने दोन फूट कुठे टाकले, पुढे की मागे, ते तुम्हालाच कळेल.